वाढपी

महिन्याच्या दर तिसऱ्या गुरुवारी, हडर्सफील्डला,
दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही सहा जण बसतो.
रेडिएटर खडखडतो. बिस्किटं मऊ पडलेली.
पाच जण जाणकार. सहावा मी, ‘सामान्य नागरिक’,
तसंच लिहिलंय माझ्यापुढच्या पाटीवर.
आधी गिरणीतला हिशेबनीस, गिरणी गेल्यावर कौन्सिलातला.

आमच्याकडे येतात ते यादीबाहेरचे.
ज्यांचं औषध कुठल्याच नियमात बसत नाही
आणि तरी डॉक्टरांनी अर्ज केलाय.
नाव, गल्ली, मुलंबाळं, सगळ्यावर काळी पट्टी.
चेहरा दिसला की हात सैल सुटतो म्हणून.

हे मला नवीन नाही.
दापोलीला मामाने पहिल्यांदा जिलब्यांची परात हातात दिली,
मी बारा वर्षांचा. म्हणाला,
ताटाकडे बघायचं, तोंडाकडे नाही.
ओळखीच्याला एक जास्त गेली
की शेवटच्या पंगतीत कुणाचं तरी पान कोरडं राहतं,
आणि ते कुणाचं, हे तुला आत्ता ठाऊक नसतं.

चार वर्षांत एकेचाळीस वेळा मी ‘नको’साठी हात वर केला
आणि घरी येऊन पिठलंभात नीट जेवलो.

आज तिसरी फाइल. स्त्री, चौपन्न.
फुप्फुसं वाळत चाललेली, दुधीच्या सालीसारखी.
औषध वर्षाला शेहेचाळीस हजार पौंड.
गॅरेथने सवयीने शेजारी दुसरा आकडा मांडला:
एवढ्यात ड्यूजबरीचं क्लिनिक, मधुमेह्यांच्या पायांचं,
दीड वर्ष चालतं.
त्या पायांची फाइल नसते.
ते अर्ज करत नाहीत.
आपल्याला नाकारलं हेही त्यांना कळत नाही,
एक दिवस अंगठा काळा पडतो, एवढंच.

पान चार. पट्टी मारणाऱ्याची नजर चुकली होती.
‘रुग्णाला आता युफोनियम वाजवता येत नाही.’

आमच्या दोन घरांत एकच भिंत.
सोळा वर्षं, मंगळवारी सातला,
जॅनीन ॲक्रॉइडचं ते पितळी धूड
माझ्या फोडणीच्या पलीकडे हंबरत सूर शोधायचं.
सुलभा गेली तेव्हा तिने दारात येऊन विचारलं,
महिनाभर बंद ठेवू का?
म्हटलं, नको. आवाज असू दे घरात.
मार्चपासून भिंत गप्प आहे.
मला वाटलं, कंटाळली असेल.

नियम सोपा: ओळख असली तर सांगायचं, उठायचं.
मी लगेच उठलो नाही.
चहात पडलेलं बिस्किट विरघळून तळाशी जाईपर्यंत बसून राहिलो.
बसलो असतो तर ‘हो’ म्हटलं असतं, हे पक्कं.
उठलो तर उरणार पाच,
आणि डॉक्टर थ्वेट कुठे कलल्यात ते दिसतच होतं.
आणि ते एकेचाळीस?
त्यांच्याही भिंतीला कुणी कान लावून होतंच की.

म्हणालो, या बाई माझ्या ओळखीच्या आहेत.

बाहेर वेंडिंग मशीन गुरगुरत होतं.
दाराआडून आवाज येत होते, शब्द नाहीत.
मामाला विचारायचं राहूनच गेलं:
पंगतीत आपलंच माणूस बसलं तर परात कुणाच्या हाती द्यायची?
आणि एवढ्या पानांना एवढीशी परात काढली कुणी,
हे वाढप्याने विचारायचं असतं का?

निकाल मला कळवत नाहीत. कळवायचाही नसतो.
रात्री कचऱ्याचे डबे बाहेर काढताना जॅनीन भेटली.
तिचा डबा फाटकापर्यंत आणायला ती तीनदा थांबली.
उद्या हिरवा की राखाडी, तिने विचारलं.
हिरवा, मी म्हणालो,
तिच्या तोंडाकडे न बघता.

अंथरुणात आठवलं, उद्या राखाडी.
सपाता अडकवून खाली उतरलो
आणि दोन्ही घरांचे डबे बदलले.
आधी तिचा.